दुसऱ्याचे प्रारब्ध

इ.स. १८९७ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. अमेरिका आणि युरोपचा प्रवास आटोपून स्वामी विवेकानंद नुकतेच कलकत्त्याला परतले होते. बागबाजारात एका भक्ताच्या घरी ते आले की दर्शनाला येणाऱ्यांची रीघ लागे. एके दिवशी गोरक्षिणी सभेचे एक प्रचारक तिथे आले आणि त्यांनी स्वामीजींना गोमातेचे चित्र भेट दिले. सभेचे काम कसे चालते, पैसा कोठून येतो, याची स्वामीजींनी विचारपूस केली. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. मध्य भारतात भयंकर दुष्काळ पडला आहे, लाखो माणसे अन्नावाचून मेल्याचे सरकारी अहवालच सांगत आहेत. त्यांच्यासाठी आपल्या सभेने काही केले आहे का? प्रचारकांनी सांगितले की सभा केवळ गाईंसाठी आहे, आणि दुष्काळ म्हणाल तर तो लोकांच्या कर्माचे, त्यांच्या पापांचे फळ आहे.

शरच्चंद्र चक्रवर्ती या शिष्याने हा संवाद लिहून ठेवला आहे. ते उत्तर ऐकताच स्वामीजींच्या डोळ्यांत अंगार दिसू लागला, पण त्यांनी स्वतःला आवरले. ते जे म्हणाले त्याचा आशय असा : कर्माचाच दाखला द्यायचा असेल तर जगात कोणी कोणासाठी काहीच करायला नको. गाई कसायाच्या हाती पडतात त्याही आपल्या कर्मानेच पडतात असे म्हणता येईल, मग या सभेचे तरी काय काम उरले?

प्रचारकांकडे याला उत्तर नव्हते. गाय ही माता आहे असे शास्त्र सांगते, एवढेच ते म्हणाले.

ते गृहस्थ दुष्ट नव्हते. मुक्या जनावरासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरणारा माणूस निर्दय असणे कठीणच. करुणा त्यांच्या मनात होती. मात्र माणसाच्या भुकेकडे निघालेली ती करुणा वाटेतच एका सिद्धान्तापाशी थांबली. सेवाकार्यात असलेल्या आपल्यासारख्यांनी हा प्रसंग बारकाईने पाहावा तो याचसाठी. दरिद्री माणूस दरिद्री का आहे, याचे एक उत्तर आपल्या प्रत्येकाच्या मनात आधीच तयार असते, आणि आपले हात कुठवर पोचणार हे बहुधा त्या उत्तरावर ठरते.

वस्तीत शिधावाटप करून आपण परत निघतो. गाडी रिकामी झालेली असते, मन मात्र हलके झालेले नसते. दहा बाय दहाच्या खोलीत राहणारी सात माणसे, शाळा सोडून धुणीभांडी करू लागलेली मुलगी, भर दुपारी दारू पिऊन पडलेला बाप हे सारे डोळ्यांसमोरून जात नाही. अशा वेळी गाडीतले कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणते, "ज्याचे त्याचे भोग!" आणि सगळ्यांना जरा बरे वाटते. हे बरे वाटणे तपासून पाहायला हवे. ते नेमके अशा वेळी येते जेव्हा आणखी काहीतरी करावे लागेल की काय, ही शंका मनात डोके वर काढत असते.

या उत्तराचे एक नवे रूपही आता फिरते आहे. मोठ्या सभागृहांत भरपूर शुल्क घेऊन शिकवले जाते की माणसाचे विचार दरिद्री असले की तो दरिद्री राहतो, समृद्धीचा विचार करा म्हणजे समृद्धी खेचली जाईल. ऐकायला हे आधुनिक वाटते. पण जुन्या उत्तराने गरिबाला निदान पूर्वजन्माची सोय ठेवली होती. जे केले ते त्याला आठवत नव्हते, म्हणून या जन्मात तरी तो मान वर करून चालू शकत होता. नव्या उत्तरात तीही सोय नाही. आज सकाळी तुझ्या मनात जो विचार आला त्यामुळे तू आज उपाशी आहेस, असे ते सांगते.

शास्त्र खरोखर काय सांगते?

इथे टाळाटाळ करून चालणार नाही. कर्माचा आणि या जन्मीच्या भोगांचा संबंध आपल्या शास्त्रांनी सांगितलेलाच आहे. योगसूत्रांच्या साधनपादात पतंजली म्हणतात की कर्माशयाचा परिपाक जन्म, आयुष्य आणि भोग या तीन रूपांनी होतो. पुराणांत तर कोणत्या पापाने कोणते दुःख, याच्या याद्याच आहेत. दान न करणारा पुढच्या जन्मी निर्धन होतो, असे बौद्ध सुत्तांतही सापडते. त्यामुळे 'हे सगळे मागाहून घुसडलेले आहे' असे म्हणून सुटका होत नाही.

परंतु त्याच पतंजलींनी समाधिपादात चित्त प्रसन्न ठेवण्याचा उपाय सांगितला आहे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवंताविषयी आनंद आणि अपुण्य करणाऱ्याविषयी उपेक्षा. हे सूत्र आपण अनेकदा म्हणतो, पण त्यातली वर्गवारी नीट पाहत नाही. दुःखी आणि पापी यांना पतंजलींनी दोन वेगळ्या जागा दिल्या आहेत. दुःख ही पापाची खूणच असती, तर दुःखी माणूस चौथ्या गटात, उपेक्षेच्या गटात जायला हवा होता. कर्मविपाक ठाऊक असलेल्या, किंबहुना तो सूत्रबद्ध करणाऱ्या ऋषीने तसे केलेले नाही. समोर दुःखी माणूस आला की त्याच्या पूर्वकर्माची चौकशी न करता करुणा, असा तो नियम आहे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे भगवंतांनी मोजली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पाचवे दैव. दैव आहे, ते नाकारलेले नाही. पण ते पाचांतले एक आहे आणि शेवटी आले आहे. शेतकऱ्याचे शेत म्हणजे अधिष्ठान, त्याचे बैल, बियाणे आणि पाणी म्हणजे साधने, असे धरून पाहा. जमीन सावकाराकडे गहाण आहे, बैल विकले गेले आहेत, विहीर आटली आहे. या चार घरांत काय झाले ते न पाहता एकदम पाचव्या घरावर बोट ठेवणे गीतेला धरून नाही.

भगवान बुद्धांकडे मोळियसीवक नावाचा एक परिव्राजक आला होता. माणसाला जे जे सुखदुःख होते ते सारे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण सांगतात, यावर आपले काय म्हणणे आहे, असे त्याने विचारले. बुद्धांनी एखाद्या वैद्याप्रमाणे कारणे मोजली : पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र प्रकोप, ऋतूतला बदल, स्वतःची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवे कर्मविपाक. सगळेच पूर्वकर्माने होते असे म्हणणारे लोक स्वतःला दिसणाऱ्या आणि जगाला मान्य असलेल्या सत्याच्या पलीकडे धावतात, असे त्यांनी सांगितले. कर्म मानणाऱ्याचेच हे उत्तर आहे.

सुदामाने खाल्लेले चणे

सुदामाची कथा आपल्याला पाठ आहे. तरी भागवताच्या दहाव्या स्कंधातले ते दोन अध्याय पुन्हा एकदा उघडून पाहण्यासारखे आहेत. तिथे 'सुदामा' हे नावही नाही. आहे तो कृष्णाचा एक ब्राह्मण सखा. विद्वान, विरक्त, अंगावर फाटके वस्त्र. बायको भुकेने कृश झालेली. ती चार मुठी पोहे मागून आणते, फडक्यात बांधते आणि नवऱ्याला द्वारकेला धाडते. कृष्ण त्याला पलंगावर बसवतो, पाय धुतो, रुक्मिणी चवरी ढाळते. मग दोघे मित्र सांदीपनींच्या आश्रमातल्या आठवणी काढतात. गुरुपत्नीने सरपण आणायला पाठवले होते, रानात वादळ झाले, रात्रभर हातात हात धरून दोघे भिजत भटकत होते.

हा माणूस गरीब का होता? भागवत याचे कारण सांगत नाही. व्यासांना ते सांगावेसे वाटलेले नाही आणि कृष्णाने ते विचारलेले नाही.

पण आपल्याला ते सहन झालेले दिसत नाही. नरोत्तमदासांच्या हिंदी 'सुदामा चरित'मध्ये कृष्ण मित्राची थट्टा करतो की गुरुमातेने दोघांसाठी दिलेले चणे तेव्हा तू एकट्यानेच चावून खाल्लेस, आणि आजही पोह्यांची पुरचुंडी लपवतो आहेस. दोन जुन्या मित्रांमधली ही चेष्टा आहे. पुढे मात्र लोकांनी त्या चण्यांचा पुरावा करून टाकला. मित्राच्या वाट्याचे चणे चोरून खाल्ले म्हणून सुदाम्याला दारिद्र्य आले, अशी कथा आज प्रवचनांतून आणि पडद्यावरून सर्रास सांगितली जाते. दुसऱ्या एका आवृत्तीत ते चणे शापित होते, जो खाईल तो दरिद्री होईल, आणि हे ओळखून कृष्णाला वाचवण्यासाठी सुदाम्याने ते सगळे स्वतः खाल्ले. ही कथा पहिलीपेक्षा कितीतरी सुंदर आहे. तरीही तिच्या मुळाशी तीच अस्वस्थता आहे. भला माणूस उगाच गरीब असू शकतो, हे मान्य करायला मन तयार होत नाही. कुठेतरी चणे सापडलेच पाहिजेत.

ही खोड फक्त आपली नाही. यहुदी आणि ख्रिस्ती परंपरेतला ईयोब, ज्याला इस्लाममध्ये अय्यूब म्हणतात, सर्वस्व गमावून राखेत बसलेला असतो. त्याचे मित्र येतात आणि तुझ्या हातून काही पाप घडले असणार, असे त्याला परोपरीने पटवू लागतात. ग्रंथाच्या अखेरीस ईश्वराचा कोप होतो तो या मित्रांवर. कुराणातल्या 'यासीन' या सूरेत तर आपल्या बागबाजारच्या संवादासारखाच एक संवाद आहे. ईश्वराने तुम्हाला दिले आहे त्यातून खर्च करा, असे सांगितल्यावर नाकारणारे म्हणतात की ईश्वराची इच्छा असती तर त्यानेच यांना जेवू घातले असते, मग आम्ही कशाला घालावे? कुराण हे बोलणे श्रद्धावंतांच्या तोंडी घालत नाही, नाकारणाऱ्यांच्या तोंडी घालते.

आणि राज्यकर्त्यांनाही हा युक्तिवाद फार सोयीचा पडतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने गेले, सुमारे दहा लाख माणसे मेली. मदतकार्याची सूत्रे लंडनमध्ये ज्यांच्या हातात होती ते चार्ल्स ट्रेव्हेल्यन धर्मनिष्ठ गृहस्थ होते. या संकटात त्यांना ईश्वराची योजना दिसत होती आणि सरकारने जास्त मदत केली तर लोक आळशी होतील ही चिंता त्यांना लागली होती. पुढे १८५९ मध्ये हेच ट्रेव्हेल्यन मद्रासचे गव्हर्नर होऊन आपल्याकडे आले. एका देशातला साहेब 'ईश्वरी योजना' म्हणतो, दुसऱ्या देशातला प्रचारक 'कर्मफल' म्हणतो. भाषा निराळी, धर्म निराळा, मरणारा शेतकरी मात्र सारखाच.

राजा आणि काळ

महाभारतात शांतिपर्वात भीष्म शरपंजरी पडून युधिष्ठिराला राजधर्म सांगतात. वाईट काळ येतो म्हणून राजा वाईट होतो की राजामुळे काळ वाईट होतो, या शंकेला त्यांनी जागाच ठेवली नाही. काळाचे कारण राजा आहे, असे ते निःसंदिग्धपणे सांगतात. बौद्धांच्या चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात हाच विचार कथेच्या रूपाने येतो. एक राजा राज्याचे रक्षण तर करतो, पण निर्धनांना धन देण्याचे वडिलोपार्जित कर्तव्य पाळत नाही. त्यामुळे दारिद्र्य पसरते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, मग हत्या, मग असत्य, आणि अखेर माणसांचे आयुष्यच घटत जाते. आपण साधारणतः उलट सांगतो, की लोक अधर्मी झाले म्हणून गरीब झाले. हे सुत्त म्हणते की आधी त्यांना गरीब राहू दिले गेले, अधर्म त्यानंतर आला.

१९४३ मध्ये बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसे मेली. अमर्त्य सेन लहान असताना त्यांनी ती भूक पाहिली होती. १९८१ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवले की त्या वर्षी बंगालात धान्य काही विलक्षण कमी नव्हते. युद्धाच्या महागाईत तांदळाचे भाव चढले आणि शेतमजूर, मच्छीमार यांची मजुरी होती तिथेच राहिली. मेले ते हेच लोक. आता १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ पाहा. ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे त्यांना ती लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी आठवत असेल. गावोगाव पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडण्याची कामे निघाली. १९७३ च्या उन्हाळ्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. हाल झाले, जनावरे गेली, पण बंगालसारखी प्रेते रस्त्यावर पडली नाहीत. त्या अनुभवातून १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. भूक हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ असेल, तर त्या पन्नास लाखांचे पाप कोणी खडी फोडून फेडले? की काम आणि धान्य वेळेवर मिळाले म्हणून ते वाचले?

यावर कोणी म्हणेल की कामे निघणे हेही त्यांचे प्रारब्धच. म्हणावे. पण मग प्रारब्ध हा शब्द काहीच सांगत नाही. जे झाले ते झाले, एवढाच त्याचा अर्थ उरतो आणि त्यावरून कोणाला दोष देता येत नाही.

आपल्याकडे या विषयावर प्रवचन न देता थेट कृती केलेला एक सावकार होऊन गेला. १६३० ते १६३२ या काळात दख्खनेत आणि गुजरातेत पाऊस नव्हता, त्यात फौजांची धावपळ. देहूचे तुकोबा वाण्याचे दुकान आणि महाजनकी चालवणाऱ्या घराण्यातले. त्या दुष्काळात दिवाळे निघाले, पहिली पत्नी रखमाबाई गेली, मुलगा गेला. घरात कुळांकडून येणे असलेल्या कर्जाची खते होती. परंपरा सांगते की त्यांनी निम्मी खते धाकट्या भावाला, कान्होबांना दिली, कारण त्याच्या वाट्यावर आपला हक्क नाही, आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. दुष्काळाने स्वतः पोळलेला माणूस वसुलीला निघाला असता तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. कुळांचे कर्ज म्हणजे कुळांचे प्रारब्ध, असे म्हणून वैराग्य पत्करणेही शक्य होते. खते तशीच कपाटात राहिली असती, पुढे कोणीतरी वसूल केली असती. त्यांनी तसे केले नाही. दुसऱ्याच्या दारिद्र्याचे जे एक कारण त्यांच्या स्वतःच्या घरात, कागदाच्या रूपात पडलेले होते, तेवढे त्यांनी आधी नाहीसे केले.

अडीचशे वर्षांनी, १२ मे १८७५ रोजी, पुणे जिल्ह्यातल्याच सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खतपत्रे बाहेर काढून जाळली. इतर गावांतही तेच झाले. माणसांना इजा फारशी झाली नाही. राग होता तो कागदांवर. चार वर्षांनी सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. तुकोबांची वाट आणि ही वाट यांत अंतर आहे, पण दोन्हीकडे दारिद्र्याचे कारण एकाच जागी सापडले होते.

जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये दारिद्र्याची साखळी अविद्येपासून सुरू केली आहे. त्यांनी लिहिलेले आपल्याला, म्हणजे धार्मिक माणसांना, बोचते, कारण जन्मापूर्वीपासून मरणानंतरपर्यंतच्या विधींच्या निमित्ताने शेतकऱ्याकडून काय काय काढले जाते याचा हिशेब त्यात आहे. तो हिशेब वाचायला हवा. गरिबीची कारणे शोधताना देवघराची खोली वगळून शोधायची, हे प्रामाणिक नव्हे. विहिरीवर, शाळेत, जमिनीवर ज्यांना येऊ दिले नाही त्यांनाच पुन्हा 'तुझ्या मागच्या जन्मामुळे तू असा' हे धर्माच्या नावाने सांगितले गेले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबर आलेले हजारो लोक महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या तळ्याचे पाणी पूर्वकर्माने अडवले नव्हते. काठावर उभ्या असलेल्या माणसांनी अडवले होते.

गाडगेबाबांना हे कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्म, वडील दारूपायी गेलेले, आजोळी मामाकडे वाढ, आणि मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना डोळ्यांनी पाहिलेली. म्हणून त्यांच्या कीर्तनात दारिद्र्याला प्रारब्ध हे नाव नव्हते. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून यात्रा करू नका, देवापुढे बोकड कापू नका, दारू सोडा, घरातली भांडी विकावी लागली तरी पोराला शाळेत घाला, असे ते सांगत. श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून हिशेब वदवून घेत. ते गरिबाला त्याच्या चुका दाखवत होते, हे खरे. पण दिवसभर खराट्याने त्याच्याच गल्लीतला केर काढल्यावर रात्री दाखवत होते. आणि जमलेल्या पैशातून त्याच्याचसाठी पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा बांधत होते. चुका दाखवण्याचा अधिकार कुठून येतो, याचे हे एक उत्तर असावे.

आपल्यात याच्या विरुद्ध टोकाचीही एक चूक होते. गरिबीच मुळी पवित्र आहे, गरीब माणसे साधी, समाधानी, देवाच्या जवळची असतात, असे आपण कौतुकाने बोलतो. वस्तीतून आल्यावर "किती थोडक्यात आनंदी असतात हो!" असे उद्गार निघतात. एकादशीला आपण उपवास करतो आणि साबुदाण्याची खिचडी खातो. ज्याच्या घरी शनिवारी पीठ संपते त्याचा उपवास वेगळा. अपरिग्रह हे व्रत आहे आणि व्रत घ्यायला आधी पर्याय असावा लागतो. भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला सांगतात की पोट भरेल तेवढ्यावरच माणसाचा हक्क, त्याहून अधिक आपले म्हणणारा चोर ठरतो. हे सांगितले आहे ते सम्राटाला, गृहस्थधर्म म्हणून. उपाशी माणसाला ते ऐकवण्यात अर्थ नाही, कारण त्याच्यापाशी सोडण्यासारखे काही नाही.

मग कर्मसिद्धान्ताचे करायचे काय? मला वाटते, त्याची जागा ठरलेली आहे आणि ती आपल्याच घरात आहे. माझ्यावर संकट आले, धंदा बुडाला, तर हे माझ्याच करणीचे फळ आहे, आता रडत न बसता पुढचे कर्म शुद्ध करतो, असे म्हणून उभे राहण्याचे बळ हा सिद्धान्त देतो. लाखो साध्या माणसांना त्याने तसे उभे केले आहे. शेजाऱ्याचे घर जळताना मात्र तोच सिद्धान्त तोंडावर आला तर हातातली बादली खाली ठेवली जाते. शब्द तेच, फक्त 'माझे' च्या जागी 'त्याचे' आलेले. आणि माझ्या कर्मांचा हिशेब मांडायला मी बसलोच, तर त्यात मी काय खाल्ले, काय जपले, एवढेच येऊन भागणार नाही. घरकाम करणाऱ्या बाईंना मी किती पगार देतो, त्यांची रजा कापतो का, माझ्या दुकानातल्या पोऱ्याचे शिक्षण कुठे थांबले, भाडेकरूची अनामत रक्कम मी का परत केली नाही, हेही माझेच क्रियमाण कर्म आहे. दुसऱ्याचे प्रारब्ध म्हणून मी जे दाखवतो त्यातला काही भाग माझ्या क्रियमाणातून तयार होत असतो.

याविषयी श्रीरामकृष्णांच्या चरित्रात दोन प्रसंग आहेत. पहिला अनेकांना माहीत आहे. १८६८ मध्ये जमीनदार मथुरबाबूंबरोबर काशीयात्रेला जाताना ते देवघरला, वैद्यनाथाच्या क्षेत्री थांबले. तिथल्या खेड्यातली अस्थिपंजर माणसे पाहून त्यांनी मथुरबाबूंना सांगितले की यांना पोटभर जेवण, डोक्याला तेल आणि अंगावर एकेक वस्त्र द्या. एवढ्या लोकांना द्यायचे तर यात्रेला पैसा कमी पडेल, असे म्हणून मथुरबाबू कां-कू करू लागले. तेव्हा श्रीरामकृष्ण त्या लोकांतच जाऊन बसले. काशीला येत नाही म्हणाले. मथुरबाबूंना कलकत्त्याहून कपड्यांचे गठ्ठे मागवावे लागले.

दुसरा प्रसंग त्यानंतरचा, आणि तो फारसा सांगितला जात नाही. मथुरबाबू त्यांना आपल्या जमीनदारीच्या गावी घेऊन गेले. वसुलीचे दिवस होते, आणि लागोपाठ पिके बुडाल्याने कुळे उपाशी होती. श्रीरामकृष्णांनी या वेळी तेल आणि वस्त्र एवढेच मागितले नाही. यांचा सारा सोडून द्या आणि वर मदतही करा, असे ते म्हणाले. देवघरचे गरीब परके होते, त्यांना देणे हे दान होते. इथले गरीब ज्याचा सारा थकवून बसले होते तो मालक यात्रेतला सोबतीच होता. मथुरबाबूंनी आढेवेढे घेतले. श्रीरामकृष्णांनी त्यांना सांगितले की ही इस्टेट जगन्मातेची आहे, ही कुळेही तिचीच, तुम्ही फक्त तिचे कारभारी आहात. तिचा पैसा तिच्या लेकरांसाठी खर्च करायला कारभाऱ्याने का अडावे?

मथुरबाबूंनी ऐकले. त्या वर्षीची वसुली थांबली.